निळं का तांबडं?

अण्णांच्या घरात साखर नव्हती.

चहा गुळाचा, शिरा गुळाचा, सत्यनारायणाचा प्रसादही गुळाचाच. भटजी एकदा दबकत म्हणाले की शास्त्रात साखर सांगितली आहे. अण्णा म्हणाले, "देवाला चालतंय की. तुमास्नी चालत नसंल तर तुमी केळं खावा." साखरेविषयी त्यांचं मत ठाम होतं. "साखर म्हंजे मेलेला गूळ. गुळाचं रगात काढून घेतलं की खाली ऱ्हातंय ते पांढरं हाड. ती साखर."

ते कोल्हापूरच्या गूळ बाजारातले अडते आणि मी त्यांच्या माडीवरचा भाडेकरू, शाळेत इतिहास शिकवणारा, गडहिंग्लजकडून आलेला. आज पन्नाशीच्या दारात त्यांच्याविषयी लिहायला बसलोय, ते नुसत्या त्यांच्या तऱ्हा सांगाव्यात म्हणून नाही. मी जिवंत आहे त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. आणि एक गोष्ट त्यांच्यापासून मी लपवली होती, ती एकदा बोलून टाकायची आहे. मी मुळात घुमा माणूस. धीर गोळा होईपर्यंत आधी तऱ्हाच सांगतो.

अण्णांना कुजबुजता येत नसे. आयुष्य सौद्यात ओरडण्यात गेलेलं. समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी तो बाजाराच्या पलीकडच्या टोकाला उभा आहे अशाच बेतानं ते बोलत. काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, "मीठ दे" म्हणाले तर समोरचा शिंपी मान वर करायचा.

दारात येणाऱ्या प्रत्येकाला गूळ-पाणी. यात काही नवल नाही, आपल्याकडं सगळीकडंच देतात. पण अण्णा तो माणूस गूळ खातो कसा ते टक लावून बघत बसायचे. "चघळणाऱ्याला पोरगी द्यावी. कडाकडा चावणाऱ्याच्या हातात बैलांचा कासरा देऊ नये. आन्‌ खिशात टाकणाऱ्याला परत बलवू नये." बाजारात ते गुळाचा खडा जिभेवर ठेवून, डोळे मिटून, गाव सांगायचे. निम्म्या वेळा चुकायचे. एकदा एक शेतकरी म्हणाला, "अण्णा, मी पन्हाळ्याकडचा न्हाय, मी कागलचा." अण्णा डोळे न उघडताच म्हणाले, "मग तुझ्या उसाचं बेणं तिकडनं आलंय. बापाला इचार जा."

खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्यासमोर अर्थातच वाटी आली. मी म्हटलं, "गूळ नको. काशीला सोडलाय."

अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "काशीला लोकं कारलं सोडत्यात. वांगं सोडत्यात. पावणं, गूळ कुणी सोडतं व्हय?"

"मी सोडला."

"खुळं हाय का काय हे?" हे त्यांनी काकींना विचारलं, माझ्यादेखत. मग जरा थांबून म्हणाले, "खोली घ्या. गूळ सोडल्याला माणूस मला डोळ्याम्होरंच पायजे. बघूया किती दिवस टिकतोय."

काशी मी आजवर पाहिलेली नाही. खरी गोष्ट अशी होती की मला मधुमेह होता. म्हातारपणी होतो तो नव्हे. कॉलेजात असतानाच माझ्या स्वादुपिंडानं इन्सुलिन करायचं बंद केलं होतं आणि तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ सुई टोचून घेत होतो. काचेची सिरिंज उकळायची, इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या गारव्याला ठेवायची, आणि हे सगळं दाराला कडी घालून. नोकरी कच्ची होती. शाळेला कळलं असतं तर पक्की झाली नसती, अशी मला भीती. गावाकडं कळलं असतं तर आईला लोकांनी काय काय विचारलं असतं, ती दुसरी भीती. लग्न मी पुढंही केलं नाही. पण तो वेगळा विषय.

रोज सकाळी लघवी तपासायची असे. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब सोडायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत गेलं तर आहे. विटकरी तांबडं झालं तर फार आहे. एकदा अण्णा अचानक माडीवर आले आणि दिवा, नळी, बाटली बघून दारातच थबकले.

"मास्तर, दारू गाळताय?"

"नाही हो. शाळेचा प्रयोग आहे."

"इतिहासाचा प्रयोग?"

मी दिवा विझवला. अण्णा जिना उतरताना काकींना सांगत होते, आणि ते अख्ख्या बोळानं ऐकलं, "माणूस बरा हाय, पर कायतरी भानगड हाय."

ती भानगड उघडी पडली ती भर दुपारी. इन्सुलिन टोचून घेतल्यावर वेळेवर पोटात काही गेलं नाही तर रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, आणि मग डोकं आपलं राहत नाही. बघणाऱ्याला माणूस प्यालेलाच वाटतो. त्या दिवशी शाळेत पाहुण्यांची भाषणं लांबली आणि मी उपाशीपोटी घरी आलो. पुढचं मला आठवत नाही. अण्णांनी ते इतक्या वेळा इतक्या जणांना साभिनय सांगितलं (माझ्या रोगाचा भाग वगळून, मी खरंच प्यालो होतो असं भासवून) की आता ते माझ्याच आठवणीसारखं झालं आहे.

अण्णा उंबऱ्याशी पाटावर नमुन्याचे खडे मांडून बसले होते. मी झोकांड्या खात आलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "तुमचा गूळ कडू आहे."

"काय म्हणालासा?"

"कडू. सगळा बाजार कडू आहे. अण्णा, तुम्हीसुद्धा कडू."

बाजारात कुणी त्यांना आईवरून शिवी दिली असती तर ते हसले असते. हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी माझी गचांडी धरली, मला ओट्यावर आडवा पाडला, आणि छातीवर बसून मुठीत मावेल तेवढा गूळ माझ्या तोंडात कोंबला. "दारू पिऊन आलास ते आलास, माझ्या दारात हुबं राहून गुळाला कडू म्हंतोस? खा! खा आन्‌ मग सांग!"

मी थुंकलो. त्यांनी परत कोंबला. असं बराच वेळ चाललं म्हणे. नंतरचं मात्र मला आठवतं: डोळ्यांसमोर एक भली मोठी मिशी होती, तोंड चिकट झालं होतं, आणि मी म्हणालो, "गोड आहे."

"आता कसं!" अण्णा म्हणाले आणि छातीवरून उठले.

माझ्या लक्षात आलं की या माणसानं निव्वळ रागाच्या भरात माझा जीव वाचवला आहे. ओट्यावर बसल्या बसल्या मी त्यांना सगळं सांगितलं. सुई, नळी, निळं औषध, सगळं. अण्णा गप्प बसून ऐकत होते. त्यांना गप्प बसलेलं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे काशी-बिशी?"

"खोटं."

"मी तवाच म्हटलं. काशीला गूळ सोडणारा माणूस अजून आईच्या पोटातनं भाईर आला न्हाय."

"अण्णा, कुणाला सांगू नका."

"न्हाय सांगत!" ते गरजले. समोरचा शिंपी मशीन थांबवून उठला. "काय न्हाय सांगत, अण्णा?"

"तुला काय करायचंय? कापड काप गप!"

आणि खरंच, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. काकींनाही नाही. काकींना ते कुणी न सांगताच कळलं असावं. माझ्या ताटातला भात आपोआप कमी झाला आणि भाकरी वाढली. त्या दुपारपासून अण्णांच्या 'तुमी'चं 'तू' झालं, आणि माझ्या सायकलच्या हँडलला, छत्रीच्या दांड्याला, कोटाच्या दोन्ही खिशांत फडक्यात बांधलेले गुळाचे खडे लटकायला लागले. कोटाला मुंग्या लागल्या. शिक्षकांच्या खोलीत मी खुर्चीवर कोट टाकला की शेजारचे मास्तर आपला कोट उचलून दुसरीकडं नेत.

आणि रोज सकाळी अंगणातून हाक यायची. "मास्तर! निळं का तांबडं?"

मी खिडकीतून सांगायचो, "निळं!"

पेठेतल्या लोकांना वाटायचं आम्ही सट्टा लावतो. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं एकदा मला हळूच विचारलं, "मास्तर, आज कोणतं येनार? अण्णा काय सांगत न्हाईत."

इथं एक कबूल करायला हवं. कित्येक सकाळी नळीतलं औषध विटकरी झालेलं असायचं आणि तरी मी "निळं!" म्हणून ओरडायचो. तांबडं म्हटलं की अण्णा जिन्यावर येऊन, काल कुठं काय खाल्लं याची जाहीर चौकशी करायचे. शिवाय 'निळं' ऐकल्यावर ते ज्या थाटात धोतराचा सोगा सावरत बाजाराला निघायचे, ते बघायला मला आवडायचं. थोडक्यात, खोटं बोलायची मला तिथं सवय लागली.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास माझ्या उजव्या डोळ्यापुढं काळे धागे तरंगायला लागले. डॉक्टर म्हणाले, हा रोगाचाच भाग आहे, मूत्रपिंडंही सांभाळा. इतकी वर्षं सांभाळूनही साखर माझ्या हाती लागत नव्हती. सकाळी आभाळाला, दुपारी पाताळात. मी मनातल्या मनात उरलेल्या वर्षांचा अंदाज बांधू लागलो होतो. अशात एक दिवस अण्णा धापा टाकत माडीवर आले, दार लावून घेतलं, आणि त्यांच्या मते कुजबुजले, "मास्तर, चौकातल्या फळ्यावर तुझा रोग लिवलाय!"

व्याख्यानमालेची पाटी होती. परदेशात शिकून आलेले एक सर्जन स्वादुपिंडाच्या रोपणावर बोलणार होते. आम्ही गेलो. अण्णा फेटा बांधून पहिल्या रांगेत.

सर्जन सावकाश, समजेल असं बोलले. स्वादुपिंड जठराच्या मागं दडलेलं असतं. ते इन्सुलिन करतं, तसंच अन्न पचवणारा रसही करतं, आणि तो रस जिथं सांडेल तिथं जाळतो. म्हणून हे ऑपरेशन फार अवघड. परदेशात आता जिवंत माणसाचं निम्मं स्वादुपिंड काढून रोग्याला बसवू लागले आहेत. काहींना महिनोन्‌महिने सुई लागलेली नाही. पण शरीर परकं मांस ठेवून घेत नाही, ते ठेवून घ्यावं म्हणून जन्मभर जालीम औषधं घ्यावी लागतात आणि ती दुसरीकडं नुकसान करतात. पुष्कळदा बसवलेलं टिकत नाही. तेव्हा ज्याचं दुसऱ्या कशानं भागत नाही त्याच्यासाठीच हे.

मी एकच वाक्य ऐकलं होतं. सुई लागलेली नाही. सकाळी उठायचं आणि सरळ चहा प्यायचा. माझी चैनीची कल्पना एवढीच होती.

प्रश्नांच्या वेळी अण्णा उठले. "डॉक्टर, एक पावणा हाय. नाव सांगायचं न्हाय असं ठरलंय." हे म्हणताना त्यांचं कोपर माझ्याकडं होतं, आणि सगळं सभागृह माझ्याकडं बघत होतं. "त्याला माजं निम्मं बसवायचं झालं तर?"

"पाहुणे आपल्या नात्यातले का?"

"न्हाय. माडीवर ऱ्हातोय."

सभागृह हसलं. सर्जन हसले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. ते म्हणाले, "रक्ताच्या नात्यातला दाता सगळ्यात चांगला. पण रक्त जुळतंय का ते बघता येईल. मुंबईला आमची तयारी चालू आहे, अजून एकही केलेलं नाही. मी शब्द देत नाही. तपासणीला या." मग अण्णांकडं वळून म्हणाले, "दात्याचं स्वादुपिंड धडधाकट हवं, हे लक्षात ठेवा. निम्मं दिल्यावर उरलेल्या निम्म्यावर तुम्हाला जन्म काढायचाय."

"निम्मं बी माज्यासारख्याला जास्तच हाय," अण्णा म्हणाले.

घरी जाताना रस्त्यात ते मला समजावत होते. "रगात जुळतंय बघ. इतकी वर्सं एका आडाचं पाणी पितोय आपण. आन्‌ गुळाचा रवा, आख्खी ढेप, मधनं फोडला तर एक निम्मा गोड आन्‌ दुसरा कडू निघतोय व्हय?" माझ्या सख्ख्या माणसांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

पण गुळाचा हंगाम नुकता सुरू झाला होता. गुढीपाडव्यापर्यंत अण्णांना कोल्हापूर सोडता येणार नव्हतं. पाडवा झाला की मुंबई, असं ठरलं.

आता लपवलेल्या गोष्टीकडं येतो.

त्या हंगामात एका गुऱ्हाळावर अण्णांचा अनवाणी पाय निखाऱ्यावर पडला. उजवा अंगठा भाजला. त्यांनी हळद-तेल लावून वर फडकं बांधलं आणि बाजार चालू ठेवला. शिवरात्र आली तरी फडकं होतंच. "म्हातारी कातडी, वेळ लागतोय," ते म्हणायचे. ते पाणी फार पिऊ लागले होते, तांब्यामागून तांब्या. "औंदा उन्हाळा लवकर आला." त्यांची बंडी अंगावर लोंबायला लागली आणि काकींनी ती दोन्ही बाजूंनी आत घेतली.

आणि मुंग्या. त्या घरात मुंग्या होत्याच. गुळाच्या घरात नसतील तर कुठं असतील? काकी त्यांना मारू द्यायच्या नाहीत, रोज सकाळी चिमूटभर पीठ टाकायच्या. "लक्ष्मी हाय ती," म्हणायच्या. ओट्यावर, जिन्यावर, देव्हाऱ्यात, कुठंही मुंग्यांची रांग दिसली तर त्या घरात कुणाला काही वाटत नसे. म्हणून न्हाणीघराच्या मोरीतली रांगही कुणाला दिसली नाही. मला दिसली. मोरीत गूळ नव्हता. लघवीत साखर असली की मुंग्या येतात, हे मला माझ्या पहिल्या दिवसांपासून माहीत होतं.

मी स्वतःला सांगितलं, या माझ्यामुळं आल्या आहेत. मोरी सगळ्यांची एकच होती.

मग एका लग्नासाठी मी आठवडाभर गावी गेलो. परत आलो, पाय धुवायला मोरीत शिरलो. रांग होती. ताजी, जाड, लगबगीत. त्या माझ्यासाठी आलेल्या नव्हत्या.

त्याच आठवड्यात अण्णा म्हणाले, "मास्तर, मुंबईला जायच्या आधी देणाऱ्याचं बी बघूया की. माजं निळं करून दाव एकदा."

मी म्हणालो, "औषध संपलंय."

"आण की मग."

"दुकानात नाही."

औषध संपलेलं नव्हतं. नवी बाटली भरलेली होती. अण्णा खाली गेल्यावर मी ती उचलली आणि फळीवरच्या पुस्तकांच्या मागं ठेवली. काही दिवसांनी त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

का केलं? निळ्याचं तांबडं झालं असतं तर माझं निम्मं गेलं असतं, म्हणून. ते धडधाकट आहेत असं जोवर कुणी तपासत नाही तोवर ते धडधाकट होते, आणि तोवर मला मुंबई होती, सुई नसलेली सकाळ होती. समोर लंगडणारा माणूस मला स्वतःचं अंग कापून द्यायला निघाला होता, आणि त्याचा अंगठा मी फडक्याआड राहू दिला. इतकी वर्षं मी याला मऊ नाव शोधत होतो. ते सापडलेलं नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा माडीवर आले. "ट्रंक भरली. सोमवारी निघूया." जिन्याच्या पायऱ्यांवर त्यांच्या मागं ओले डाग उमटले होते.

"अण्णा, फडकं सोडा."

"कशाला? बरं हाय."

"सोडा म्हणतो ना."

मी त्यांच्याशी त्या आवाजात कधी बोललो नव्हतो. त्यांनी सोडलं. अंगठा काळा पडला होता. वास खोलीभर झाला. मी उठलो, फळीवरची पुस्तकं बाजूला सारली आणि बाटली बाहेर काढली. त्यांच्यादेखत. ती कुठून आली हे त्यांनी विचारलं नाही. मी वाटी दिली, ते खाली जाऊन आले. दिवा पेटवताना माझ्या दोन काड्या मोडल्या.

नळी उकळली. निळं, हिरवं, पिवळं. मग विटकरी, खालपासून वरपर्यंत.

अण्णा नळीकडं बघत राहिले. "तू हलवलंस म्हणून झालं का तसं?"

"नाही."

"जल्मात घरात साखर आणली न्हाय," ते म्हणाले. आणि हे मात्र ते खरंच हळू म्हणाले. "मग अंगात कुठनं शिरली?"

दवाखान्यात ते पुन्हा पहिल्यासारखे झाले. डॉक्टर म्हणाले, साखर फार वाढली आहे. अण्णा म्हणाले, "साखर न्हवं. गूळ म्हना." डॉक्टरांनी अंगठा काढला. ते काकींना सांगत होते, थोडं आधी आणलं असतं तर वाचवता आला असता. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

शुद्धीवर आल्यावर अण्णांनी मला जवळ बोलावलं. "मास्तर, निम्मं द्यायचं कबूल केलतं. देवानं अंगठ्यावर मिटवलं बघ. सौद्यात इतक्या सवस्तात मी कधी सुटलो न्हवतो."

मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. तिथं काय केलं ते लिहीत नाही.

घरी आणल्यावर त्यांची खाट खाली ओसरीवर टाकली. रोज सकाळी मी दिवा आणि बाटली घेऊन खाली जायचो, आधी त्यांचं बघायचो, मग माझं. अशाच एका सकाळी मी बाटलीचं बूच काढत होतो, तर ते छताकडं बघत म्हणाले, "पुस्तकांच्या मागं ठेवली हुतीस ते बरं केलंस. उन्हात ऱ्हायली तर निळं इटतं म्हनत्यात."

"तुम्हाला कधी…?"

"तू शाळंत गेलतास. संपली म्हणालास, म्हणून बाटलीवरचं नाव बघाय वर गेलतो. म्हटलं मिरजंला कुणी जाणारं असंल तर मागवावी. रिकामी बाटली हुडकाय लागलो आन्‌ भरल्याली गावली."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सभागृहात हुबं राहून देतो म्हटलंतं. आन्‌ मोरीतल्या मुंग्या मला काय दिसत न्हवत्या? पयल्यांदा वाटलं, गुळाचा माणूस, येणारच. मग वाटलं, मास्तर बाटली दडवतोय म्हंजे त्येला बी तसंच वाटतंय." त्यांनी पाय जरा हलवला. "मला बी तांबडं बघायचं न्हवतं की, लेका. देणाऱ्याचंच नासकं निघालं तर काय तोंड दावायचं तुला? ठेवली परत हुती तितंच."

समोर शिंप्याचं मशीन चाललं होतं. काकी पीठ टाकत होत्या.

"दोगं बी खुळं," अण्णा म्हणाले. "पेटीव दिवा."

मी माफी मागायला हवी होती. त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी काडी ओढली आणि दिवा पेटवला. त्यांनी आपल्या वाट्याचा दोष मोठा करून दाखवला आणि माझा त्याखाली झाकून टाकला, हे मला तेव्हाही कळत होतं. निम्मं स्वादुपिंड द्यायचं राहिलं. हे मात्र त्यांनी दिलं, आणि मी मुकाट्यानं घेतलं.

मुंबईला आम्ही गेलो नाही. ते सर्जन पुढं पुन्हा परदेशात गेले. रोपणाच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. आता पूर्वीपेक्षा बरं जमतं म्हणतात. कधीतरी इकडंही सर्रास होईल, आणि एखाद्या मास्तराला सकाळी उठून सरळ चहा पिता येईल. मला त्याचा आनंद वाटतो. माझा उजवा डोळा गेल्यात जमा आहे, डाव्यानं हे लिहितोय.

अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले. गूळ बंद झाला, पण बाजार सुटला नाही. काठी टेकत जायचे, गुळाचा खडा मोडून शेतकऱ्याच्याच हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तू खा. मी तुझं तोंड बघतो." आणि त्याचं तोंड बघून गाव सांगायचे. निम्म्या वेळा चुकायचे. मला टोचून घ्यायचा कंटाळा आला की म्हणायचे, "मी म्हातारा टोचून घेतोय, आन्‌ तुला काय धाड भरलीया?" मी जेवणाच्या वेळा सांभाळल्या, सुई चुकवली नाही, डोळे दाखवत राहिलो, ते सगळं त्या ओसरीवरच्या सकाळींमुळं. एकट्यानं मी ते केलं नसतं. मला स्वतःची ओळख आहे.

ते गेले त्याला आता काही पावसाळे झाले. मी अजून माडीवरच आहे. सकाळी दिवा पेटवतो, नळी उकळतो. पहिल्या दिवसांत नळी तशीच धुवून ठेवायचो. विचारणारं कुणी नव्हतं. मग एक दिवस खिडकीशी गेलो आणि जे होतं ते मोठ्यानं सांगितलं. तेव्हापासून रोज सांगतो. आता निळं असेल तेव्हाच निळं म्हणतो.

आज सकाळी औषध विटकरी झालं. मी खिडकीत गेलो. अंगणात काकी मुंग्यांना पीठ टाकत होत्या.

"तांबडं, अण्णा!" मी ओरडलो.

काकींनी वर बघितलं नाही. "मग आज भाकरीच खावा," त्या म्हणाल्या. "भात लावत न्हाय."